नऊ मिनिटं बारा सेकंद

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची ओळ येऊन थांबली आणि कहकशांला वाटलं, आपण आकडा चुकीचा वाचला. सत्तेचाळीस मिनिटांची फाईल नऊ मिनिटं बारा सेकंदांची झाली होती. आकार कमी झाल्याचं नवल नव्हतं. पंचेचाळीस एमबीचं दीड-पावणेदोन एमबीवर यावं यासाठीच ती कमांड होती. पण वेळ इतका कमी होत नाही. तासाभराचं लेक्चर चाळीस-बेचाळीस मिनिटांवर येतं, एखादे सर फारच रेंगाळत बोलणारे असले तर पस्तिसावर. तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला, परत घातला. तोवर ती ओळ वर सरकली होती आणि तिच्याखाली दुसरी फाईल सुरू झाली होती, मग तिसरी. आकडे पळत होते. दुपारचे अडीच वाजले होते. खाली औसा रोडवर ऑटोवाले सवारीसाठी ओरडत होते, खिडकीतल्या कूलरमधलं पाणी संपून त्याची कोरडी घरघर चालली होती. तिला एकदम फार थकल्यासारखं वाटलं. धक्का बसला असं तिला म्हणता आलं नसतं. धक्का बसायलासुद्धा अंगात थोडा जोर लागतो, आणि गेले एकोणचाळीस दिवस तो कुठं गेला होता कोण जाणे.

क्लासमधलं आपलं काम नेमकं काय, हे तिला नातेवाइकांना कधी नीट सांगता आलं नव्हतं. ‘कॉम्प्युटरवर आहे,’ एवढंच ती सांगायची. लातूरच्या होस्टेलांत पोरांना स्मार्टफोन ठेवू देत नाहीत. बटणांचा साधा फोन चालतो, त्यात मेमरी कार्ड बसतं. परभणी, बीड, हिंगोली, पार पुसदपासून आलेली ती पोरं आंघोळीच्या रांगेत, मेसच्या रांगेत कानात बोंडं घालून सरांची लेक्चरं पुन्हा पुन्हा ऐकतात. ती लेक्चरं दाबून लहान करायची आणि साध्या फोनला कळतील अशा रूपात आणायची, हे कहकशांचं काम. मोठ्या सरांचा आग्रह असे की पोरांचा एक सेकंदही वाया जाऊ नये. सर फळ्याकडं वळले, खडू मोडला, पाणी प्यायले, पोरांनी उतरवून घेईपर्यंत गप्प उभे राहिले, ते सगळं काढून टाकायचं. म्हणून सहा वर्षांपूर्वी तिनं स्वतःच एक स्क्रिप्ट लिहिली होती. सात ओळींची. फोल्डरमधल्या फायली नावाच्या क्रमानं एकेक उचलायची, उणे तीस डेसिबलच्या खाली जे जे असेल ते शांतता समजून कापायचं, उरलेलं दाबायचं, आणि शेवटच्या ओळीत मूळ फाईल पुसून टाकायची. ती शेवटची ओळ तिनं मागाहून घातली होती, डिस्क सारखी भरायची म्हणून. उणे तीस हा आकडाही तिचाच. केमिस्ट्रीचे सर ओरडून शिकवत आणि त्यांच्या डोक्यावर दोन पंखे खडखडत; पंखे जावेत आणि सर राहावेत असा आकडा तिनं आठवडाभर चाचपून शोधला होता. ‘के मॅडम, तुम्ही पोरांचा वर्षाकाठी दीड महिना वाचवला,’ असं मोठे सर तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते. पोरं हुशार होती, पोरंही खूश होती. शिक्षक आता श्वास न घेता बोलत.

त्या फोल्डरमध्ये अब्बांची फाईल तिनंच टाकली होती. उद्या नांदेडला अब्बांचा चाळीसवा होता. अम्मी इद्दतीत होती, चार महिने दहा दिवस तिला घराबाहेर पडायचं नव्हतं. भावाच्या, आसिफच्या, घरातल्या आतल्या खोलीत पलंगाला टेकून ती दिवस काढत होती. गेल्या शुक्रवारी फोनवर तिनं एकच गोष्ट मागितली. ‘वो इतवार का आवाज है ना तेरे कने? मेरे डब्बे में डाल के ला.’ डब्बा म्हणजे तिचा बटणांचा फोन. इतवार म्हणजे अब्बा जाण्याआधीचा शेवटचा रविवार, कहकशांनं आपला फोन त्यांच्या उशीजवळ ठेवून रेकॉर्ड केलेला. ती फाईल त्या डब्ब्याला कळणारी नव्हती. कहकशांच्या फोनमध्येही जागा उरली नव्हती, म्हणून आज सकाळी केबल लावून तिनं ती कॉपी न करता सरळ इकडं हलवली, इंग्रजी अक्षरांत ‘अब्बा’ असं नाव दिलं आणि सदतीस लेक्चरांबरोबर ठेवून दिली. नावाच्या क्रमानं ती पहिली आली. एका फाईलसाठी वेगळी कमांड लिहायला मिनिटसुद्धा लागलं नसतं. पण बोटं इतकी सवयीची झाली होती की त्यांनी विचारलंच नाही. एकोणचाळीस दिवसांत तिनं ती फाईल एकदाही ऐकली नव्हती. आता तिनं हेडफोन कानाला लावला आणि ऐकली.

पहिला आवाज तिचाच होता. ‘हां अब्बा, बोलो, चालू किया मैं.’ लगेच पुन्हा तीच, ‘हौ, अब्बा.’ मग कुकरची शिट्टी. मग ‘हौ, अब्बा.’ मग अम्मी वाटी ठेवते तो टण्ण आवाज, ऑटोचा हॉर्न, ‘पानी पीते क्या?’, ‘हौ, अब्बा’, कोपऱ्यावरच्या मशिदीची अजान, तीही अर्धी, कारण भोंगा दम घेतो तिथं तिथं कापली गेलेली, मग शेजारच्यांचा मिक्सर, मग ‘हौ, हौ, अब्बा.’ सगळं एकाला एक चिकटून, घाईघाईनं, जणू कुणी पिटाळत होतं. जगातलं जे जे मोठ्यानं बोलणारं होतं ते ते राहिलं होतं. अब्बा कुठंच नव्हते. खोकलासुद्धा नाही. दोन वर्षांच्या कंपवातानं त्यांचा आवाज हळूहळू आत ओढून नेला होता. ओठ हलत, कपाळावर शीर उमटे, आणि बाहेर येई तो कागदावर बोट फिरवल्यासारखा एक सळसळाट. त्यांना स्वतःला मात्र आपण नेहमीसारखं बोलतोय असंच वाटायचं. कुणी ‘काय?’ म्हणून विचारलं की ते नवलानं बघत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पेशंटला हे कळत नाही. उणे तीसच्या मोजपट्टीत ते पंख्यांच्याही खाली होते. तिनं लिहिलेल्या कमांडनं तिच्या बापाचं बोलणं शांतता समजून ओळीनं कापत नेलं होतं, आणि त्यात कमांडची काही चूक नव्हती.

सहाव्या मिनिटाला तो प्रश्न आला. ती त्याचीच वाट बघत होती. ‘अब्बा, वो तेरा के पाढे की कॅसेट. मेरे को कभी कुछ बोले क्यों नहीं तुम?’ आणि त्याला चिकटूनच, श्वासाचंही अंतर न ठेवता, ‘हौ, अब्बा.’ तिनं मागं जाऊन ते परत ऐकलं. प्रश्न, आणि लगेच ‘हौ, अब्बा.’ त्या दोघांच्या मध्ये अब्बा बोलले होते. बराच वेळ बोलले होते. तिला त्यांचे हलणारे ओठ आठवत होते, गादीवर आपटणारा उजव्या हाताचा अंगठा आठवत होता. एक शब्द कळला नव्हता. पुन्हा सांगा म्हणायचा धीर झाला नाही, इतकं दमून बोलले होते ते. आणि खरं म्हणजे ती निर्धास्त होती. घरी जाऊन आवाज वाढवू, खरखर काढू, निवांत ऐकू, असं तिनं त्याच क्षणी मनाशी ठरवलं होतं. हेच तर आपलं काम. तेवीस वर्षं विचारायचं राहिलेलं तिनं विचारलं होतं, उत्तर फोनमध्ये पडलं होतं, आणि मान हलवून ती म्हणाली होती, ‘हौ, अब्बा.’

तेवीस वर्षांपूर्वी ती सहावीत होती. भूकंपानंतरच्या त्या महिन्यांत लातूरला पाऊसही होता आणि माणसंही फार होती. ट्रकांतून धान्य यायचं, कपडे यायचे, परदेशी गोरे लोक गंजगोलाईत केळी घेताना दिसायचे. तिथल्याच एका गल्लीत अब्बांचं दुकान होतं. हनीफ मिस्त्री म्हणून लोक ओळखत. रेडिओ, टेप, पंखा, काहीही उघडून बसत. ढिगाऱ्यातून काढलेल्या वस्तू घेऊन माणसं यायला लागली. आधी रेडिओ आले, मग कॅसेटी. चिखलानं भरलेल्या, वाकलेल्या, काही तर नुसती भेंडोळी, पेपरात बांधून आणलेली. अब्बा खोक्याचे स्क्रू काढून फीत बाहेर घ्यायचे, परातीत पाणी घालून ती बोटांच्या चिमटीतून धुवायचे आणि दुकानामागच्या बोळात दोरीवर वाळत टाकायचे. मग नव्या खोक्यात पेन्सिलीनं गुंडाळून घ्यायचे. बोळातून जाताना त्या तपकिरी फिती कहकशांच्या तोंडाला लागत. त्यांचा एक नियम होता. जे आहे ते ठेवायचं, काही कापायचं नाही. एकदा एक गृहस्थ म्हणाले, वडलांचं बोलणं राहू द्या मिस्त्री, मधला खोकला तेवढा काढून टाका, ऐकवत नाही. अब्बा कानातला अत्तराचा कापूस नीट करत म्हणाले, ‘खोकला बी त्यांचाच हाय ना साहेब. मी कोण काढणार?’

अर्जुनराव किल्लारीच्या अलीकडच्या एका गावचे. पायात रबरी बूट, अंगात मदतीत मिळालेलं, बाह्यांना तोकडं पडणारं जाकीट. त्यांनी रुमालातून एकच कॅसेट आणली होती. त्यात त्यांची मुलगी होती. अयोध्या, चौथीतली. ती आता नव्हती, हे त्यांनी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. त्या दिवसांत त्या रस्त्यानं येणाऱ्याला असं काही विचारत नसत. अब्बांनी दोन दिवस खपून ती फीत जिवंत केली. तिसऱ्या दिवशी ते अस्रच्या नमाजला गेले आणि कहकशां दुकानात एकटी होती. तिनं बटण दाबलं. आधी नुसती खरखर, मग एक किनरा आवाज, ‘तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस.’ झोका घेत म्हटल्यासारखा. तेरा सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत गाडी नीट आली, मग ‘तेरा साते... तेरा साते...’ आणि थांबली. एका पुरुषाचा आवाज आला, ‘का गं, इंजन बंद पडलं का?’ आणि ती पोरगी हसायला लागली. हसता हसता तिला उचकी लागली, तरी हसतच राहिली, आणि मग कॅसेट संपेपर्यंत नुसतं ते हसणं होतं. कहकशां वर्गात पहिली यायची. तेरा साते एक्क्याण्णव, इतकं सोपं. तिला त्या मुलीची कीव आली की राग, ते तिला आजही सांगता आलं नसतं. तिनं फीत मागं घेतली, ‘तेरा साते’ येताच लाल आणि काळं अशी दोन्ही बटणं एकदम दाबली आणि टेपजवळ तोंड नेऊन खणखणीत म्हणाली, ‘एक्क्याण्णव. तेरा आठे चारोदरसे.’ शेवटपर्यंत. मग परत लावून ऐकलं. पाढा आता पूर्ण होता. छान जुळला होता. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते हसणं गेलं.

अब्बांनी संध्याकाळी कॅसेट लावली तेव्हा ती पडद्यामागं अभ्यासाला बसली होती. पाढा सुरू झाला, सातावर आला, पुढं तिचा आवाज आला, संपला. टेप बंद झाल्याचा खट्ट आवाज आला. मग बराच वेळ दुकानात काहीच आवाज नव्हता. तिनं भूमितीच्या वहीत एकाच रेषेवरून पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवली. तिला वाटलं, आता पडदा बाजूला होईल. झाला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिनं पाहिलं, टेबलावर दाढीचं ब्लेड पडलं होतं, आणि टेपरेकॉर्डर तिचा हात पोहोचणार नाही अशा वरच्या फळीवर गेला होता. एवढंच. ना ओरडणं, ना जेवणाच्या वेळी वेगळी नजर. अब्बांनी आयुष्यात एकदाच फीत कापली आणि तिचा आवाज त्यातून काढून टाकला.

‘सातापर्यंत हाय, अर्जुनराव,’ ते त्या माणसाला म्हणाले. ‘पुढचं चिखलानं खाल्लं.’

अर्जुनरावांनी उभ्यानंच तीन वेळा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचेही ओठ हलले. मग ते म्हणाले, ‘हाव. असंल.’ कॅसेट रुमालात गुंडाळली, रुमाल आतल्या खिशात घातला. जाता जाता पडद्याशी उभ्या असलेल्या कहकशांकडं त्यांचं लक्ष गेलं. ‘कितवीला हायस, बाई?’ ‘सहावी.’ ‘मग तेराचा पाढा येत असंल तुला?’ तिनं अब्बांकडं पाहिलं. अब्बा खाली वाकून पडलेला स्क्रू शोधत होते. ती म्हणाली, ‘नाही येत.’ अर्जुनराव तिच्याकडं पाहत राहिले, फार नाही, बूट घालायला लागतो तेवढाच वेळ. ‘येतंय येतंय,’ ते म्हणाले. ‘आमचीला बी सातापर्यंतच यायचा.’ पुढं शाळेत, कॉलेजात, क्लासच्या गणिताच्या सरांच्या लेक्चरांत, कुठंही एक्क्याण्णव हा आकडा आला की कहकशांला बोळातल्या फितींचा तोंडाला झालेला गार स्पर्श आठवायचा. ती ते कुणाला बोलली नाही. अब्बाही बोलले नाहीत. दोघांमध्ये बाकी सगळं बोलणं व्हायचं, पुस्तकांचं, बातम्यांचं, मोहल्ल्यातल्या लग्नांचं. या एका जागी दोघेही पाय उचलून पलीकडं जायचे. दुकान बंद झालं, अब्बा-अम्मी नांदेडला आसिफकडं गेले, ती लातूरलाच राहिली, आणि त्या शेवटच्या रविवारी, अम्मी स्वयंपाकघरात ये-जा करत असताना, तिनं अचानक विचारून टाकलं.

‘अक्का, कूलरमध्ये पानी तरी वता. भट्टी झालीय हितं.’ शिवमूर्ती आत आला होता. तो क्लासची यंत्रं सांभाळायचा. निलंग्याकडचा, चिडला की कानडीत पुटपुटायचा. तिचा चेहरा पाहून तो थांबला. तिनं हेडफोन उतरवला आणि दोन वाक्यांत सांगितलं. वडलांची फाईल होती. स्क्रिप्टनं कापली, मूळ पुसली.

‘अय्यय्यो. कधी?’

‘पंचवीस मिनिटं झाली असतील.’

‘आन हे अजून चालूच हाय?’ पडद्यावर एकतिसावी फाईल पळत होती. त्यानं वाकून दोन बटणं दाबली. आकडे थांबले. ‘पुसलेली फाईल लगेच जात न्हाई, तिची जागा फक्त मोकळी म्हणून लिव्हली जाते, हे मला तुमीच शिकवलं का न्हाई? त्या जागंवर तीस लेक्चरं लिहून झाली की अक्का. आधी थांबवायचं, मग रडायचं.’

‘मी रडत नाहीये.’

‘तेच म्हणतोय मी. रडला असता तर बाहेर कुनाला कळलं तरी असतं.’

फीत अडकली तर आधी बटण बंद कर, मग बघ काय झालं ते, हे अब्बांचंही पहिलं शिकवणं होतं. तिनं आधी ऐकलं होतं. पुन्हा पुन्हा ऐकलं होतं, आणि ती ऐकत असताना शेजारी यंत्र शिस्तीत तिच्या बापाच्या जागेवर दुसऱ्यांचं बोलणं लिहीत गेलं होतं. शिवमूर्तीनं डिस्क काढली, आपल्या टेबलावर नेली, पुसलेलं शोधणारी कमांड चालवली. साडेचारपर्यंत तो जागेवरून हलला नाही. मोठे सर दोनदा दारात येऊन गेले, आजची लेक्चरं गेली का म्हणून. शिवमूर्ती दोन्ही वेळा मान वर न करता म्हणाला, ‘डिस्क आजारी हाय, सर.’ शेवटी त्यानं तिला बोलावलं आणि हेडफोनचं एक बोंड तिच्या हातात दिलं. ती ऐकू लागली. त्या जागेतून बायोलॉजीचे सर दम न घेता मूत्रपिंडाचं कार्य सांगत होते.

‘पार वरून लिव्हलंय,’ तो म्हणाला. मग तिच्याकडं न बघता, ‘अक्का, पन तुमी तर तिथंच होता की. काय म्हनले बाबा, ते आठवत असंल ना?’

संध्याकाळच्या गाडीनं ती नांदेडला निघाली. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा खिडकीशी कुणीतरी भुईमुगाच्या शेंगा धरल्या, तिनं नको म्हणून मान हलवली आणि शेंगावाला गेल्यावरही काही वेळ ती हलतच राहिली. लोह्यापर्यंत तिनं कानाला काही लावलं नाही. हिशोब मनात आपोआप होत होता. सत्तेचाळीस वजा नऊ. अडतीस मिनिटं अब्बा बोलले असतील, किंवा त्यातली वीस बोलले असतील आणि अठरा गप्प असतील. यंत्राला दोन्ही सारखंच. आता तिलाही सारखंच. तिला वाटलं, आपण सहावीत होतो तशाच राहिलो. जिथं कुणी अडखळतं, थांबतं, दम घेतं, ती जागा आपल्याला सहन होत नाही, तिथं आपण बटण दाबतो. अर्जुनराव आता असतील का? असले तर सत्तरीचे. कॅसेट वाजवायचं यंत्र त्यांच्याकडं असेल का? सातापर्यंतची ती फीत कुठल्या नव्या वसाहतीतल्या कोनाड्यात असेल, आणि सातानंतर जिथं ब्लेड फिरलं तिथं ती अजून जुळलेली असेल की डिंक सुकून सुटली असेल?

सकाळी घर माणसांनी भरलं. बाहेर मंडपात फातिहा, मग जेवणं. आसिफ घामाघूम होऊन वाढप्यांना सूचना देत फिरत होता. दुपारी पंगती ओसरल्यावर ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. अम्मी पांढऱ्या ओढणीत पलंगावर बसली होती, एवढीशी दिसत होती. तिनं काही न विचारता हात पुढं केला. सकाळीच फाईलचं कार्ड घालून ठेवलेला डब्बा कहकशांनं तिच्या हातात दिला, पण सोडला नाही.

‘अम्मी, मेरे से गलती हुई. अब्बा का आवाज कट गया. इसमें खाली मैंच हूं.’

अम्मीनं तिच्याकडं पाहिलं. मग डब्बा ओढून घेतला. ‘तू है ना. बस है. लगा.’

कहकशांचा आवाज खोलीत घुमला. ‘हां अब्बा, बोलो, चालू किया मैं.’ अम्मीनं मधलं बटण दाबलं. आवाज थांबला. ती समोरच्या भिंतीकडं पाहत म्हणाली, ‘यहींच बोले वो, पंखा हल्लू कर बोलके.’ आणि बटण दाबलं. ‘हौ, अब्बा,’ डब्बा म्हणाला. पुन्हा थांबवलं. आसिफच्या पोरीला पेचकस द्या म्हणाले, दुकानातला, लाल मुठीचा. ‘हौ, अब्बा.’ पुन्हा थांबवलं. लोणच्यात मीठ कमी आहे म्हणाले. खाऊन झाल्यावर सांगतात, आयुष्यभर तसंच. कहकशां पाहत राहिली. स्वयंपाकघरातून ये-जा करणाऱ्या अम्मीला तो सळसळाट सगळा ऐकू येत होता. दोन वर्षं तिचे कान तेवढ्याच उंचीवर राहत होते. अजान आली, अर्धीमुर्धी, तेव्हा अम्मीनं ओढणी डोक्यावर नीट घेतली. काही जागी ती थांबवायची आणि काहीच बोलायची नाही, नुसती बसून राहायची, आणि मग पुढं लावायची. तिथं अब्बा गप्प होते की काही बोलले होते जे फक्त तिचं होतं, हे विचारायचं कहकशांच्या मनात आलं आणि तिनं ते तिथंच ठेवलं.

‘अब्बा, वो तेरा के पाढे की कॅसेट. मेरे को कभी कुछ बोले क्यों नहीं तुम?’

अम्मीचा अंगठा बटणावर आला. आवाज थांबला. बाहेर मंडपाचे बांबू काढायला लागले होते, एकेक बांबू जमिनीवर पडत होता. अम्मी भिंतीकडं पाहत होती. कहकशांला दिसलं की तिचा अंगठा पांढरा पडेपर्यंत तिनं बटण धरून ठेवलंय. किती वेळ गेला ते मोजायचं तिच्या सवयीच्या डोक्यात आलं आणि तिनं मोजलं नाही. इथं कापायचं काही नव्हतं. चौथा की पाचवा बांबू पडला. मग अम्मी बोलली, आणि बोलली ती मराठीत, माहूरच्या माहेरच्या, शेजारणींशी बोलायच्या मराठीत, जी या घरात आपापसात कधी कुणी बोलत नसे.

‘पुढचं चिखलानं खाल्लं होतं,’ ती म्हणाली. ‘तेच म्हणले ते. तुझ्या आधीच खाल्लं होतं म्हणले.’

कहकशांला तो किनरा आवाज आठवला, थांबलेली गाडी, उचकी, आणि कॅसेट संपेपर्यंत चाललेलं ते हसणं, जे, अर्जुनराव नसतील तर, तिच्याखेरीज आता जगात कुणाकडंच नव्हतं. अम्मी त्या वेळी दुकानात नव्हती. हे अब्बांनी रविवारी सांगितलं की तेवीस वर्षांपूर्वी, की आत्ता ही बाई बांबू मोजत बसली होती त्या वेळात तिनं आपल्याजवळचं काढून दिलं, ते अम्मीच्या तोंडावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. तिला बूट घालणारा तो माणूस दिसला. त्यानं तीन वेळा ऐकलं होतं. जिथं ब्लेड फिरतं तिथं फितीत एक बारीक टक आवाज येतो, आणि तो त्यालाही ऐकू आला असणार.

‘हाव,’ कहकशां म्हणाली. ‘असंल.’

अम्मीनं अंगठा उचलला आणि परत टेकवला.

‘हौ, अब्बा,’ डब्ब्यातली कहकशां खणखणीत आवाजात म्हणाली.